बोडनझेच्या काठाने, सहाव्या महिन्यात

कचराळी तलावाभोवती रोज सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आईच्या मैत्रिणींचा एक प्रश्न ठरलेला आहे. बाळाचे वजन, रात्रीची जागरणे आणि जर्मनीतील थंडी हे विषय आटोपले की त्यांच्यापैकी कोणीतरी विचारतेच: सहाव्या महिन्यात, परक्या मुलखात, सोबतीला कोणी नसताना तू फिरायला गेलीस कशी, आणि घरच्यांनी तुला जाऊ दिले कसे? पाचपाखाडीत माहेरी आल्यापासून मी या प्रश्नाला जी उत्तरे दिली ती सगळी चालता चालता दिलेली आणि म्हणून अर्धवट होती. त्यामुळे तो प्रवास जसा झाला तसा, दिवसांच्या क्रमाने, येथे लिहून ठेवत आहे.

माझ्या नोकरीनिमित्त आम्ही कार्ल्सरूहला राहत होतो, पण घर, कार्यालय आणि दवाखाना यांपलीकडे त्या देशाचा आमचा परिचय जवळपास नव्हता. जूनमध्ये नवरा कामासाठी भारतात गेला, माझी रजा शिल्लक होती, आणि डॉक्टरांचे म्हणणे असे की प्रकृती ठीक असेल तर दुसरी तिमाही प्रवासाला सर्वांत सोयीची असते. तासाभराने उठून चालावे, भरपूर पाणी प्यावे, ओझे उचलू नये आणि मुटरपास सतत जवळ बाळगावा. मुटरपास म्हणजे गरोदर बाईची नोंदवही. जर्मनीत ती 1961 पासून दिली जाते, आणि रक्तगटापासून प्रत्येक तपासणीतील रक्तदाबापर्यंत सारे काही तीत लिहिलेले असल्यामुळे कोणत्याही अनोळखी रुग्णालयात ती पुढे केली की आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही. विमान नको, चढण नको, गाडी थेट हवी, प्रसूतिविभाग असलेले रुग्णालय जवळ हवे आणि बसायला जागोजागी बाके हवीत, अशा अटी मांडत गेल्यावर नकाशावर जे उरले ते बोडनझे, म्हणजे इंग्रजीतून शिकलेल्या आपल्या लोकांचे लेक कॉन्स्टन्स. तलावांच्या शहरात वाढलेल्या मुलीला तळ्याकाठी कसे फिरावे हे कोणी शिकवावे लागत नाही. फक्त आमच्या तलावपाळीला एक फेरी मारून परत नाट्यगृहापाशी येता येते, आणि या तळ्याचा काठ 273 किलोमीटर लांब असून तो जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया अशा तीन देशांत विभागलेला आहे, एवढाच फरक.

आईला मी निघण्याच्या आदल्या रात्री सांगितले. ती प्रथम गप्प बसली आणि मग म्हणाली, "तिन्हीसांजेला पाण्याजवळ थांबू नकोस." ही परवानगीच होती. नेरूळला सासूबाईंना मात्र मी आठवडाभर आधीच कळवले होते, कारण त्यांना उशिरा सांगितलेले चालत नाही.

सोमवार

कार्ल्सरूहहून कोन्स्टान्त्सला थेट जाणारी प्रादेशिक गाडी सुमारे तीन तास घेते, आणि त्या गाडीत स्वच्छतागृह असते. ठाण्याहून लोकलने वर्षानुवर्षे ये-जा केलेल्या बाईला ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी का वाटते, हे इकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको. गरोदरपणात रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते म्हणून लांबच्या प्रवासात पायांवर दाब देणारे मोजे घालायला सांगतात. मोजा घट्ट, पोट मध्ये आणि पाऊल दृष्टीआड, त्यामुळे तो चढवण्याचे काम बरेचसे अंदाजानेच करावे लागते. त्या सकाळी खरा व्यायाम तोच झाला.

ऑफेनबुर्ग मागे पडले की गाडी काळ्या अरण्याच्या, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या, दरीत शिरते. 1873 मध्ये पूर्ण झालेला हा लोहमार्ग रोबेर्ट गेर्विग या अभियंत्याने आखला. होर्नबेर्ग ते सांक्ट गेऑर्गेन या टप्प्यात दातेरी रूळ न घालता, दरीच्या अंगाने मोठमोठी वळणे घेत आणि एकामागून एक बोगदे पाडत त्याने चढ असा पसरवला की गाडीचा वेग फारसा मंदावत नाही. त्याच्या दहा वर्षे आधी, 1863 मध्ये, आपल्या बोरघाटातून गाडी धावू लागली होती, आणि तेथे चढ साधण्यासाठी मध्येच गाडीची दिशा उलटवावी लागत असे. दहा वर्षांच्या अंतराने दोन डोंगरांना दोन निराळी उत्तरे सापडली. बोगद्यांच्या त्या रांगेत फोनची रेंज जाते, आणि आईचा फोन नेमका तेव्हाच येतो.

सांक्ट गेऑर्गेनच्या अलीकडचा लांब बोगदा ओलांडला की पावसाचे पाणी ऱ्हाईनऐवजी डॅन्यूबकडे वाहू लागते. डोनाउएशिंगेनपाशी दोन लहान नद्या एकत्र येतात आणि त्यांच्यापुढे डॅन्यूब हे नाव सुरू होते. पुढे इमेंडिंगेनजवळ या नदीचे पाणी पात्रातील चुनखडीच्या भेगांतून जमिनीत शिरते. उन्हाळ्यात कित्येक दिवस तर पात्र चक्क कोरडे पडते. ते पाणी जाते कोठे, हे 1877 मध्ये कार्ल्सरूहच्याच आडोल्फ क्नोप या प्राध्यापकाने शोधून काढले. त्याने नदीत मीठ आणि चमकदार हिरवा रंग ओतला, आणि सुमारे साठ तासांनी तो रंग बारा किलोमीटर दक्षिणेला आख नदीच्या उगमकुंडात वर आला. आख बोडनझेला मिळते आणि बोडनझेतून ऱ्हाईन पुढे जाते, म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेले पाणी जमिनीखालून वाट बदलून उत्तर समुद्राला पोहोचते. हे सगळे मी फोनच्या पडद्यावर वाचत होते आणि खिडकीबाहेर दिसणारी डॅन्यूब आपल्या उल्हास नदीपेक्षाही अरुंद होती.

कोन्स्टान्त्समध्ये घेतलेल्या खोलीच्या जाहिरातीत लिफ्ट असल्याचे लिहिले होते. लिफ्ट होती, परंतु ती सुरू होण्यापूर्वी दगडी पायऱ्यांचा एक पूर्ण जिना चढावा लागत होता. मी काही बोलण्याआधी घरमालकीणबाईंनी माझ्या पोटाकडे एकदा पाहिले, माझी बॅग उचलली आणि त्या पुढे चालू लागल्या. जाहिरातीबद्दल तक्रार करण्याचा माझा बेत तेथेच बारगळला. खोलीत लहानसा गॅस होता. मऊ भात, तूप आणि पाचपाखाडीहून आलेले मेतकूट एवढ्यावर रात्रीचे जेवण झाले. मग आईला व्हिडिओ कॉलवर नकाशा दाखवला: हे रुग्णालय, ही तेथे जाणारी बस, हा तातडीचा 112 क्रमांक, आणि हा रात्री-अपरात्री डॉक्टरांचा सल्ला देणारा 116117. आईने दोन्ही क्रमांक कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून घेतले. ठाण्यातून ते लागणार नाहीत हे मी तिला सांगितले नाही.

मंगळवार

सकाळी पहिल्यांदा जुन्या ऱ्हाईन पुलावर गेले. ऱ्हाईनचे किलोमीटर मोजायला येथून, शून्यापासून, सुरुवात होते. आमच्या कार्ल्सरूहच्या पश्चिमेला माक्साऊचा पूल आहे तेथे हाच आकडा 362 असतो. ज्या नदीकाठी मी रविवारी फिरायला जात असे तिचे हे पहिले पाऊल, म्हणून कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. खालचे पाणी विलक्षण स्वच्छ होते आणि प्रवाहातील लांब पाणगवत एकाच दिशेला झुकलेले दिसत होते.

बंदराच्या टोकाला इंपेरिया उभी आहे. पेटर लेंक या शिल्पकाराने 1993 मध्ये बसवलेली ही नऊ मीटर उंचीची, अठरा टनांची काँक्रीटची बाई सुमारे चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते. तिच्या दोन तळहातांवर दोन उघडेबोडके, सुरकुतलेले बुटके पुरुष बसलेले आहेत, एकाच्या डोक्यावर पोपचा मुकुट, दुसऱ्याच्या डोक्यावर सम्राटाचा. हा टोला आहे 1414 ते 1418 या काळात येथे भरलेल्या धर्मपरिषदेला. तेव्हा पोपपदावर एकाच वेळी तिघांचा दावा होता. तो तिढा सोडवण्यासाठी युरोपभरचे धर्मगुरू, सरदार, व्यापारी आणि त्यांच्यामागून गणिका या लहानशा गावात गोळा झाल्या. 1417 मध्ये पाचवा मार्टिन पोप म्हणून निवडला गेला तो समोरच्याच इमारतीत, आणि ती इमारत मुळात 1388 साली मालाची वखार म्हणून बांधलेली होती. याच परिषदेने यान हुस या बोहेमियाच्या सुधारकाला, राजा सिगिस्मुंडने सुरक्षिततेची हमी दिलेली असताना, 6 जुलै 1415 रोजी जिवंत जाळले. मूर्ती बसवली तेव्हा धर्मनिष्ठ मंडळींनी पुष्कळ आरडाओरडा केला होता. आता गावातल्या प्रत्येक पोस्टकार्डावर तीच दिसते. मी तिच्या समोरच्या बाकावर बसून तिच्या कित्येक फेऱ्या पाहिल्या. पोटात बाळ घेऊन बसलेल्या बाईला सत्ताधीशांना असे तळहातावर तोलणारी बाई आवडणार नाही तर कोणाला आवडेल?

दुपारी चालत चालत स्वित्झर्लंडमध्ये गेले. कोन्स्टान्त्स आणि क्रॉइत्सलिंगेन ही दोन गावे एकमेकांना इतकी खेटून आहेत की दुसऱ्या महायुद्धात कोन्स्टान्त्सने रात्रीचे दिवे चालू ठेवले. वैमानिकांना वरून तटस्थ स्वित्झर्लंड कोठे संपतो ते कळू नये, हा त्यामागचा हिशेब होता. गावाचा जुना भाग बाँबपासून बचावला. तळ्याकाठच्या सीमेवरचे कुंपण 2006 मध्ये काढून टाकण्यात आले आणि तेथे आता 22 उंच धातुशिल्पे ओळीने उभी आहेत. मी एका शिल्पाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहिले आणि फोटो नेरूळला पाठवला. सासूबाईंचे उत्तर आले, "पाय सुजलेले दिसताहेत. आधी बसून घे." ते खरेच होते.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. ठाण्यात गरोदर बाई रस्त्याने निघाली की भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत प्रत्येकाला तिच्याबद्दल काही ना काही म्हणायचे असते. जर्मनीत कोणी अवाक्षर काढत नाही. पोटाकडे लोक पाहतात आणि नजर सभ्यपणे बाजूला वळवतात. पहिला दिवसभर मला याने फार मोकळे वाटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाकावर बसून बुटांचे बंद सैल करताना, कोणीतरी काहीतरी म्हणावे असे वाटू लागले होते.

बुधवार

रायशेनाऊ हे बेट बोडनझेच्या खालच्या, लहान तळ्यात आहे. कोन्स्टान्त्सहून थोडे अंतर गाडीने जाऊन पुढे बसने जावे लागते, आणि ती बस दोन्ही बाजूंना पॉपलरची उंच झाडे लावलेल्या बांधावरून पाण्याच्या मधून बेटावर शिरते. 724 मध्ये पिर्मिन नावाच्या भटक्या साधूने येथे मठ स्थापन केला, आणि पुढची तीन शतके तो युरोपातील विद्येच्या आणि चित्रकलेच्या मोठ्या केंद्रांपैकी एक होता. 2000 मध्ये संपूर्ण बेट जागतिक वारशाच्या यादीत आले. आज तेथे सगळीकडे काचघरे आणि भाजीचे वाफे दिसतात. काकडी, टोमॅटो, कोशिंबिरीची पाने अशी भाजी येथून आसपासच्या प्रदेशात जाते. पूर्वेकडच्या संत गेऑर्गच्या चर्चमध्ये दहाव्या शतकाच्या शेवटची भित्तिचित्रे आहेत; उन्हाळ्यात माणसांच्या श्वासातील दमटपणा त्यांना बाधतो म्हणून ठरावीक वेळी मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात. मला बाहेर दगडी कट्ट्यावर ताटकळावे लागले. पण आत गेल्यावर, मातकट तांबडा आणि निळसर हिरवा रंग उंच भिंतीवर हजार वर्षे टिकून राहिलेला पाहिला तेव्हा ताटकळल्याचे विसरले.

परंतु माझा दिवस गेला तो मध्यभागच्या मुख्य चर्चला लागून असलेल्या औषधी बागेत. नवव्या शतकात वालाफ्रीड स्ट्राबो या येथल्या मठाधिपतीने बागकामावर लॅटिनमध्ये एक दीर्घ कविता रचली, आणि तिच्यात आलेल्या दोन डझनांच्या आसपास वनस्पती आज लहान लहान चौकोनी वाफ्यांत लावलेल्या आहेत. या मठाधिपतीची एक गोष्ट मला आवडली. आपले ज्ञान केवळ ग्रंथांतले नाही, असे तो सुरुवातीलाच बजावतो. खाजकुइलीसारखी झोंबणारी झुडपे उपटणे आणि खत टाकणे ही कामे त्याने स्वतः केलेली होती. वाफ्यांमधून हिंडताना माझ्या ओळखीचे पुष्कळ जण भेटले: बडीशेप, पुदिना, खसखशीचे बोंड, मुळा, भोपळा. आणि एका कोपऱ्यात, निळसर पानांचे, बारीक पिवळ्या फुलांचे झुडूप दिसले, ते आमच्या पाचपाखाडीच्या गॅलरीत एका जुन्या रंगाच्या डब्यात वर्षानुवर्षे आहे. सताप. लहान मुलाला पोटात दुखले की आजी त्याची पाने काढायची.

मी वास घेण्यासाठी वाकू लागले तोच बाजूच्या वाफ्यात तण काढत असलेल्या वृद्ध बाईंनी हात वर केला. त्यांनी कोपरापर्यंतचे हातमोजे घातले होते. सतापाचा रस कातडीला लागून त्यावर ऊन पडले तर फोड येतात, असे त्यांनी सावकाश, मला समजेल अशा जर्मनमध्ये सांगितले. मग माझ्या पोटाकडे बोट करून म्हणाल्या की तुम्ही तर हिच्यापासून लांबच राहा, जुन्या काळी बायका ही वनस्पती कशासाठी घेत ते तुम्हाला ठाऊक असेल. मला ठाऊक होते. गर्भपातासाठी तिचा वापर आपल्याकडेही होत आलेला आहे. सेज नावाची करड्या पानांची तुळशीच्या कुळातली वनस्पती पुढच्या वाफ्यात होती, तिचाही काढा आता पिऊ नका, हे त्यांनी वर जोडले. पुढे विचारपूस सुरू झाली: कितवा महिना, मुलगा की मुलगी हे सांगितले का, झोप लागते का, सोबत कोणी का नाही. कचराळीवरच्या मावशा आणि या बाई यांच्यात भाषेपलीकडे काही अंतर उरले नाही. मी सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली, आणि आठवड्यातून पहिल्यांदाच ती देताना मला कंटाळा आला नाही.

परतताना एका शेताच्या फाटकाजवळ टोमॅटोच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. विक्रेता नव्हता, फक्त पैसे टाकायचा पत्र्याचा डबा होता. एक पिशवी घेतली. माती लागलेली भाजी आणि कोशिंबिरीची पाने गरोदरपणात नीट धुऊनच खावीत, हे डॉक्टरांनी टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचे नाव घेऊन बजावले होते, म्हणून खोलीवर पोहोचेपर्यंत धीर धरला. टोमॅटोचे सार केले. कढीपत्ता नव्हता, ही त्यातली एकमेव उणीव.

गुरुवार

ऊन फार होते. कोन्स्टान्त्सच्या श्टाड भागातून मेर्सबुर्गला जाणारी, मोटारी नेणारी फेरीबोट 1928 पासून चालते आणि पंधरा मिनिटांत पलीकडे पोहोचवते. मेर्सबुर्गचा जुना किल्ला खालूनच पाहिला, कारण रस्ता उभा चढाचा आहे. बसने उंटरउल्डिंगेनला जाऊन पाण्यात खांबांवर उभारलेली प्रागैतिहासिक घरे पाहिली. मूळ खांब तळ्याच्या गाळात, हवा न लागल्यामुळे हजारो वर्षे न कुजता राहिले, आणि त्यांच्या अभ्यासावरून ही घरे पुन्हा बांधलेली आहेत. लाकडी पुलावरच्या गर्दीत, सावली नसलेल्या ठिकाणी, मी जितके थांबायला हवे होते त्याहून अधिक थांबले.

संध्याकाळी खोलीवर परतताना पोट एकदम दगडासारखे कडक झाले, सैल पडले, आणि थोड्या वेळाने पुन्हा कडक झाले. दुखत नव्हते, पण असे पूर्वी कधी झाले नव्हते. मी पलंगावर बसून माझ्या हेबामेला, म्हणजे सुईणीला, फोन लावला. जर्मनीत प्रत्येक गरोदर बाईला सुईणीची सेवा विम्यातून मिळते आणि पहिल्या काही महिन्यांतच ती शोधून ठेवावी लागते. तिने शांतपणे एकेक प्रश्न विचारला: नियमित अंतराने येते का, दुखते का, रक्त किंवा पाणी जाते का, बाळ हलते आहे का. मग म्हणाली, दोन ग्लास पाणी प्या, डाव्या कुशीवर पडून राहा आणि तासाभराने मला सांगा. नियमित होऊ लागले किंवा दुखू लागले तर मला विचारत बसू नका, थेट रुग्णालयात जा. मी मुटरपास उशाशी ठेवला, बुट दाराकडे तोंड करून ठेवले आणि पडून राहिले. अर्ध्या तासात पोट सैल झाले ते झालेच. उन्हात पाणी कमी पडले की गर्भाशयाचे असे सराव-आकुंचन सुरू होऊ शकते, असे तिने नंतर सांगितले. आईला त्या रात्री मी फक्त घरांबद्दल सांगितले. तिने विचारले, "आवाज असा का येतोय?" मी म्हटले, "आडवी पडले आहे म्हणून." हेही खोटे नव्हते.

शुक्रवार

दुपारपर्यंत झोपले. मग काठावरच्या झाडांखाली बसले आणि नाव घेण्यासारखे काहीही केले नाही. समोरचे तळे सर्वांत खोल जागी 250 मीटरपेक्षा खोल आहे. पलीकडच्या झिप्लिंगेन गावापाशी सुमारे 60 मीटर खोलीवरून पाणी उचलून ते डोंगरापलीकडे स्टुटगार्टपर्यंत नेतात, आणि सुमारे चाळीस लाख लोक ते पितात. तानसा, वैतरणा आणि भातसा आपल्या जिल्ह्यात असून त्यांचे पाणी मुंबईला जाताना ज्यांनी लहानपणापासून पाहिले, त्यांना या व्यवस्थेचे काठावरच्या गावांना काय वाटत असेल हा प्रश्न पडणारच. घरमालकीणबाईंना विचारले तर त्या हसून म्हणाल्या की तळे इतके मोठे आहे की उन्हात आटून उडून जाते त्यापेक्षा हे पाणी कमी भरते.

मोठ्या तळ्यात या तीन देशांमधली सीमा कोणत्याही कराराने आखलेली नाही. ऑस्ट्रिया म्हणतो खोल पाणी सगळ्यांचे सामाईक, स्वित्झर्लंड म्हणतो सीमा मधोमध. मी हे घरच्या ग्रुपवर लिहिताच आतेभावाने बोटीत जन्मलेल्या बाळाला कोणता पासपोर्ट मिळेल यावर चर्चा सुरू केली आणि ती ठाणे, नेरूळ व डोंबिवली अशा तिन्ही आघाड्यांवर रात्रीपर्यंत चालली.

संध्याकाळी मासे खायला गेले. येथली प्रसिद्ध मासळी म्हणजे फेल्शेन, पण जानेवारी 2024 पासून बोडनझेत तिच्या मासेमारीवर तीन वर्षांची बंदी लागू झाली. सांडपाणी शुद्ध होऊ लागले, 1980 नंतर पाण्यातील फॉस्फेट घटले, माशांचे खाद्य कमी झाले. त्यात काटेरी पाठीचे लहान मासे फेल्शेनची अंडी आणि पिल्ले खाऊ लागले आणि 2016 मध्ये आढळलेल्या क्वाग्गा शिंपल्यांनी उरलेसुरले खाद्यही गाळून घेतले. पाटीवर मात्र फेल्शेन होतेच. कोठचे, असे विचारल्यावर वाढणाऱ्या मुलाने दुसऱ्या देशातले आहेत हे प्रामाणिकपणे सांगितले. धुरावलेला मासा लिस्टेरिया या जंतूच्या भीतीने वर्ज्य, म्हणून लोण्यात पुरता तळलेला मागवला. चव सौम्य, काटे बारीक. आम्हा मासे खाणाऱ्यांच्या मते त्याला आले-लसूण आणि आगळाची गरज होती, पण हे मत मी तेथे बोलून दाखवले नाही.

शनिवार

कॅटामरान बोटीने कोन्स्टान्त्सहून फ्रीडरिश्सहाफेनला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. बोट जलद असली तरी धक्के बसले नाहीत. मी मधल्या रांगेत, स्वच्छतागृहाजवळ बसले. याच पाण्यावरून 2 जुलै 1900 रोजी काउंट झेपेलिनचे ताठ सांगाड्याचे, वायूने तरंगणारे पहिले हवाई जहाज, 128 मीटर लांबीचे, अठरा मिनिटे उडाले होते. बंदराच्या जुन्या रेल्वे स्थानकात आता त्याचे संग्रहालय आहे, आणि 1937 मध्ये अमेरिकेत जळून गेलेल्या हिंडेनबुर्ग या तशाच यानाचा तेहतीस मीटरचा भाग तेथे मूळ आकारात पुन्हा बांधलेला आहे. त्यात वर चढून जाता येते. झोपायच्या खोल्या आपल्या रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या कुपेपेक्षा मोठ्या नाहीत, खुर्च्या ॲल्युमिनियमच्या, आणि मला सर्वांत विलक्षण वाटली ती धूम्रपानाची खोली: पोटात हायड्रोजन भरलेल्या यानात सिगारेट ओढण्याची सोय! आत हवेचा दाब किंचित जास्त ठेवत, दार दुहेरी असे, आणि पेटवायला विजेवर चालणारा एकच लायटर. या खोलीने कधी आग लावली नाही, हे तेवढेच खरे आहे.

येथे मी दर दालनानंतर बसले, पाण्याची बाटली दोनदा भरून घेतली आणि चारच्या बोटीने परत आले. तिन्हीसांजेच्या आत.

रविवार

परतीची गाडी भरून आली होती. सायकली, तंबू, ओले टॉवेल घेतलेली शाळकरी पोरे, आणि मधल्या वाटेत उभी असलेली माणसे. ठाण्याच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात पोट दिसताच कोणीतरी सरकते आणि चौथी सीट तयार होते. सोबत सल्लाही मिळतो. येथे मात्र मागावे लागते, आणि मागितल्याशिवाय कोणी उठत नाही त्यात उद्धटपणा नसतो. तुम्हाला मदतीची गरज आहे असे परस्पर ठरवणे त्यांना आगाऊपणाचे वाटते. झिंगेनपर्यंत मी उभी राहिले. मग कानात इअरफोन घातलेल्या एका तरुणाच्या खांद्याला हलकेच हात लावून, घरी तोंडपाठ केलेले वाक्य म्हटले: मी गरोदर आहे, मला बसायला जागा द्याल का? तो इतक्या घाईने उठला की त्याचे डोके वरच्या सामानाच्या फळीला लागले. त्याने क्षमा मागितली, मी क्षमा मागितली, आणि शेजारच्या काकूंनी आम्हा दोघांनाही लिंबाच्या गोळ्या दिल्या.

ऑफेनबुर्गला एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत चढले तेव्हा माझी पाय मोकळे करायची वेळ झालेलीच होती. त्यांना जागा देऊन मी दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहिले. आईचा फोन आला, "पोहोचलीस का?" अजून बाडेन-बाडेन यायचे होते. "मग उभी का आहेस?" तिने विचारले. गाडीच्या आवाजावरून तिला ते कसे कळले कोणास ठाऊक.